ट्रेन सिम्युलेटरमध्ये ऐतिहासिक रेल्वेमार्गासाठी जमीन कशी घडवावी

जुना रेल्वेमार्ग सिम्युलेटरमध्ये उभारणारे बहुतेक जण इंजिने, डबे, सिग्नल आणि स्थानकांच्या इमारती यांवर अपार कष्ट घेतात. जमीन मात्र उपग्रहाच्या माहितीवरून आयात करून, रुळांच्या आसपास थोडी सपाट करून सोडून देतात. अशा मार्गावर गाडी चालवताना काहीतरी खटकत राहते. डोंगराच्या ज्या सोंडेला वळसा घालण्यासाठी मूळ अभियंत्याने रूळ वळवले ती सोंडच पुसट झालेली असते, ज्या खिंडीसाठी मैलोगणती चढण स्वीकारली ती खिंड जागेवर नसते, आणि त्यामुळे वळणे व चढ निष्कारण असल्यासारखे भासतात. रेल्वेमार्गाचा आकार जमिनीने ठरवलेला असतो, म्हणून जमीन चुकली की इतर सगळे अचूक असूनही मार्ग खोटा वाटतो.

पुढे सांगितलेल्या पद्धतीत क्रमाला सर्वाधिक महत्त्व आहे. आधी रेल्वे येण्यापूर्वीची नैसर्गिक जमीन परत मिळवावी, मग जुन्या कागदपत्रांवरून रुळांची उंची ठरवावी, आणि त्यानंतरच कटिंग (रुळांसाठी जमीन खोदून केलेली वाट) व भराव (रुळांखाली रचलेला मातीचा बांध) स्वतःच्या हाताने करावेत. मूळ मार्ग बांधणाऱ्यांनी काम याच क्रमाने केले होते. हा क्रम उलटवून आधी रूळ टाकले आणि मग जमीन त्यांच्याखाली सरकवली, तर चुका कुठे शिरल्या हे नंतर शोधणे फार कठीण जाते.

वर्ष आधी ठरवावे

ऐतिहासिक मार्ग असे मोघमपणे म्हणून चालत नाही. एक वर्ष किंवा फार तर काही वर्षांचा कालखंड पक्का करावा लागतो, कारण जमीनही बदलत असते. भोर घाटातील मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला तेव्हा गाडीची दिशा उलटवणारे स्थानक त्याच्या मध्यावर होते आणि १९२९ मध्ये नवी आखणी झाल्यावर ते वापरातून गेले. म्हणून १९२० चा घाट आणि १९३५ चा घाट यांसाठी डोंगराच्या अंगावरची कोरीव कामे वेगळी करावी लागतात. कांगडा खोऱ्यातील अरुंदमापी (नॅरोगेज) मार्गाचा काही भाग पाँग धरणामुळे १९७० च्या दशकात हलवण्यात आला, आणि आजच्या कोणत्याही उंचीच्या माहितीत त्या जुन्या भागाच्या जागी जलाशयाचा सपाट पृष्ठभाग दिसतो. इंग्लंडमधील सॉनिंगची कटिंग १८४० मध्ये खुली झाली ती दुहेरी मार्गासाठी. पुढे तेथे चार मार्ग झाले आणि कटिंगची रुंदी बदलली. वर्ष निश्चित नसेल तर यांपैकी कोणता आकार घ्यायचा हे ठरवताच येत नाही.

वर्ष ठरल्यावर त्याच्या शक्य तितक्या जवळचे सर्वेक्षण नकाशे, रेल्वेचे चढ-उतार दाखवणारे आलेख, स्थानकांचे आराखडे आणि छायाचित्रे गोळा करावीत. एका साधनाकडे अनेकांचे लक्ष जात नाही. अमेरिकेच्या कोरोना या हेरगिरी उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात टिपलेली छायाचित्रे १९९५ मध्ये खुली करण्यात आली, आणि अनेक प्रदेशांत मोठी धरणे, महामार्ग व शहरांचा विस्तार होण्यापूर्वीचा भूभाग त्यांत स्पष्ट दिसतो. उखडलेल्या मार्गांचे भराव शोधण्यासाठी ही छायाचित्रे अत्यंत उपयोगी आहेत. सकाळी किंवा संध्याकाळी घेतलेल्या छायाचित्रात लांब सावलीमुळे एक-दोन मीटरचा बांधही ओळखू येतो.

उंचीची माहिती वापरण्यापूर्वी ती समजून घ्यावी

उंचीच्या अंकीय माहितीला सर्रास डीईएम म्हणतात. त्यातील सर्वांत परिचित संच एसआरटीएम हा आहे. तो फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अवकाशयानाच्या अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारच्या साहाय्याने मोजला गेला. ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण या पट्ट्यातील जमीन त्यात येते, आणि तो साधारण ३० मीटर अंतरावरील बिंदूंच्या स्वरूपात मिळतो. २०११ ते २०१५ या काळातील मोजणीवर आधारलेला कोपर्निकस संच त्याच घनतेचा असला तरी पुष्कळ ठिकाणी अधिक स्वच्छ आहे. काही देशांत विमानातून लेझरने मोजलेली, एक मीटर किंवा त्याहून बारीक माहितीही मिळते, आणि ती मिळत असेल तर रुळांलगतच्या पट्ट्यासाठी तीच घ्यावी.

यांतील पहिला धोका असा की रडारला दिसते ते झाडांच्या शेंड्यांजवळचे आणि छपरांचे पृष्ठ, खालची जमीन नव्हे. दाट जंगलाच्या कडेला डीईएममध्ये कित्येक मीटरची पायरी उमटते, आणि सिम्युलेटरमध्ये त्याच पायरीवर पुन्हा झाडे लावली की जंगल दुप्पट उंचीचे होते. शिवाय आजचे जंगल आणि निवडलेल्या वर्षाचे जंगल यांच्या सीमा क्वचितच जुळतात. यावर दोन उपाय आहेत: जंगल व इमारती वजा करून तयार केलेला फॅबडेमसारखा संच वापरणे, किंवा क्यूजीआयएससारख्या मोफत नकाशा-प्रणालीत जंगलाची सीमा आखून तेवढ्या भागाची उंची जुन्या नकाशातील समोच्च रेषांशी (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांशी) जुळेल इतकी खाली घेणे. दुसऱ्या उपायाला वेळ अधिक लागतो, पण डोंगराळ मार्गासाठी तोच अधिक भरवशाचा वाटतो, कारण त्यात प्रत्येक दुरुस्तीमागचे कारण आपल्याला ठाऊक असते.

दुसरा धोका पूर्णांकांचा. एसआरटीएमच्या प्रचलित फाइलींत उंची पूर्ण मीटरमध्ये नोंदलेली असते; त्यामुळे सपाट प्रदेशात जमीन एक-एक मीटरच्या पायऱ्यांनी चढताना दिसते, आणि सूर्य खाली असलेल्या दृश्यात या पायऱ्या विलक्षण खटकतात. आयात करण्यापूर्वीच उंची दशांशात बदलून, उंचीच्या बिंदूंचे जाळे बारीक करून आणि हलके गुळगुळीत करून घेतल्यास हा दोष जातो. मात्र हे गुळगुळीत करणे सपाट भागापुरतेच ठेवावे. डोंगरात तेच केले तर कड्यांच्या धारा बोथट होतात आणि घळी भरून निघतात. जेथे रडारला दरीचा तळ दिसलाच नाही तेथे माहितीत पोकळ्या असतात किंवा अंदाजाने भरलेले आकडे असतात. अशा जागा अतितीव्र उताराच्या प्रदेशातच येतात, म्हणजे नेमक्या तेथे, जेथे रेल्वेचे काम सर्वांत प्रेक्षणीय असते. तेथे समोच्च रेषा हाताने गिरवण्याला पर्याय नाही.

सिम्युलेटरचे स्वतःचे जाळेही लक्षात ठेवावे. मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर आणि त्याचेच स्वरूप वापरणारे ओपन रेल्स यांत जमीन २,०४८ मीटर बाजूच्या चौरसांत विभागलेली असते व उंचीचे बिंदू ८ मीटरांवर असतात; ट्रेन्झ या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये पारंपरिक चौरस ७२० मीटरचा असून जाळे १० किंवा ५ मीटरचे असते, आणि नव्या आवृत्त्यांत याहून बारीक जाळेही मिळते. या आकड्यांचा परिणाम पुढे कटिंग व भराव करताना पावलोपावली जाणवतो.

जुना नकाशा आणि आजची जमीन जुळवणे

जुना नकाशा त्या काळच्या स्थानिक संदर्भप्रणालीवर आखलेला असतो, आणि आजच्या उपग्रह-प्रणालीच्या तुलनेत तो काही देशांत शंभर मीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक सरकलेला आढळतो. नुसते कोपऱ्यातील अक्षांश-रेखांश भरून नकाशा बसवला तर नदी टेकडीवरून वाहू लागते. म्हणून नकाशा बसवताना जागा न बदललेल्या खुणा वापराव्यात: दगडी पुलांचे टोकाचे आधार, बोगद्यांची तोंडे, जुनी प्रार्थनास्थळे, किल्ल्यांचे बुरूज. नदीचे वळण किंवा रस्त्यांचा चौक ही खूण म्हणून भरवशाची नसते. खुणा मार्गाच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या असाव्यात. सगळ्या एकाच ओळीत घेतल्या तर त्या ओळीपासून दूर गेल्यावर नकाशा पिळवटतो.

उंचीचा शून्यही तपासावा. ब्रिटनमधील जुन्या नकाशांवरील उंची लिव्हरपूलच्या समुद्रपातळीवरून मोजलेल्या आहेत, तर नंतरच्या नकाशांवर न्यूलिन येथील १९१५ ते १९२१ या काळातील सरासरी पातळी धरलेली आहे. हा फरक छोटा असतो, पण दोन वेगळ्या काळांतील कागद एकत्र वापरताना पुलाच्या कमानीखाली अकारण पाऊण मीटर कमी पडतो तो अशाच कारणांनी.

नकाशे जुळले की आधुनिक बदल काढून टाकण्याचे काम सुरू करावे. महामार्गांचे भराव, दगडखाणी, विमानतळांची सपाट मैदाने आणि खाणीतील मातीचे ढीग यांची यादी आजच्या व जुन्या नकाशाची तुलना करून तयार करावी आणि प्रत्येक जागी आजूबाजूच्या नैसर्गिक उतारावरून जमीन परत भरावी. जलाशयासाठी मात्र असे भरून चालत नाही. तेथे जुन्या नकाशातील समोच्च रेषा आणि नदीचे पात्र गिरवून दरीचा तळ नव्याने बांधावा लागतो. रेल्वेचे स्वतःचे भराव व कटिंगही याच टप्प्यावर पुसावेत, हे पुष्कळांना उलटे वाटते. परंतु ३० मीटरच्या डीईएममध्ये १० मीटर खोल कटिंग एका उथळ खळग्याएवढीच उरलेली असते, आणि सूक्ष्म माहितीत उंच कमानींचा पूल दरीवर आडव्या टाकलेल्या बांधासारखा दिसतो. इंग्लंडमधील सेटल–कार्लाइल मार्गावरचा रिबलहेडचा २४ कमानींचा पूल असा बांध होऊन बसला तर त्याच्या कमानींना अर्थ उरत नाही. हे अर्धवट अवशेष ठेवून त्यांवर काम करण्यापेक्षा स्वच्छ नैसर्गिक जमिनीवर नव्याने कोरणे सोपे जाते. ही रेल्वेपूर्व जमीन तयार झाली की तिची वेगळी प्रत जपून ठेवावी.

रुळांची उंची कागदावरून ठरवावी

डीईएमवरून रुळांची उंची घेणे ही या छंदातील सर्वांत सार्वत्रिक चूक आहे. शंभरात एक चढणाऱ्या मार्गावर रूळ १०० मीटरमध्ये केवळ एक मीटर चढतात, आणि डीईएममधील एकेका बिंदूची चूक याहून कितीतरी मोठी असू शकते. त्यामुळे जमिनीला चिकटवलेले रूळ हेलकावे खातात, आणि वाफेच्या इंजिनाचे वागणे, जे चढावरच अवलंबून असते, पूर्णपणे बिघडते.

उंची रेल्वेच्या चढ-उताराच्या आलेखावरून काढावी. ब्रिटिश पद्धतीच्या आलेखांत अंतर मैल व चेन यांत दिलेले असते. एका मैलात ८० चेन, आणि एक चेन म्हणजे २०.१२ मीटर. समजा आलेखात ४० चेन अंतरापर्यंत १:१०० चा चढ दाखवला आहे. तर अंतर सुमारे ८०५ मीटर आणि उंचीतील वाढ सुमारे ८.०५ मीटर होते. एका निश्चित उंचीच्या जागेपासून, शक्यतो जुन्या नकाशावर उंची नोंदलेल्या स्थानकापासून किंवा पुलापासून, अशी बेरीज-वजाबाकी करत पुढच्या निश्चित जागेपर्यंत जावे. शेवटी मीटर-दोन मीटरचा फरक उरला तर तो अंतराच्या प्रमाणात वाटून द्यावा. फरक याहून बराच मोठा असेल तर वाटणी न करता मध्ये कुठेतरी चढ-उताराची दिशा उलट वाचली गेली आहे का, किंवा आलेख नंतरच्या आखणीचा आहे का, हे पाहावे. आलेखातील उंची रुळांची असते. खडीखालची मातीची बैठक तिच्यापेक्षा साधारण अर्धा मीटर खाली धरावी. दोन चढांच्या सांध्यावर टोकदार कोन न ठेवता उभे वळण द्यावे, अन्यथा लांब गाडी त्या जागी मोडल्यासारखी दिसते.

आखणी तपासण्याची एक पद्धत विशेष समाधान देणारी आहे. तयार झालेली रुळांची उंची आणि रेल्वेपूर्व जमिनीची उंची यांच्या रेषा एकाच आलेखावर काढाव्यात. रुळांची रेषा जमिनीच्या खाली गेली तेथे कटिंग किंवा बोगदा, आणि वर राहिली तेथे भराव किंवा पूल आपोआप दिसतो. ही ठिकाणे जुन्या नकाशातील कटिंग, भराव व बोगद्यांच्या खुणांशी जुळली तर तोपर्यंतचे सारे काम बरोबर आले असे समजावे. १८४८ ते १८५४ या काळात कार्ल फॉन गेगा यांच्या देखरेखीखाली बांधलेल्या ऑस्ट्रियातील सेमेरिंग मार्गाचे उदाहरण पाहावे. सुमारे ४१ किलोमीटरच्या त्या मार्गावर १४ बोगदे व १६ मोठे कमानी पूल आहेत; हजारी २५ पर्यंतचा चढ आणि १९० मीटरपर्यंत लहान त्रिज्येची वळणे यांच्या मर्यादेत राहण्यासाठी तो उपदऱ्यांत शिरून बाहेर येतो. अशा मार्गाच्या आलेखात एखादा बोगदा जमिनीच्या वर तरंगताना दिसला, तर जमीन, आडवी आखणी किंवा उंची यांपैकी कुठे चूक आहे हे आसपासच्या पुलांवरून लगेच उमगते.

कटिंग आणि भराव

आता खरे कोरीव काम सुरू होते, आणि वेळेची कंजूषी येथे अजिबात करू नये. सिम्युलेटरच्या संपादकातील (मार्ग घडवण्याच्या प्रणालीतील) स्वयंचलित साधन रुळांच्या दोन्ही बाजूंना ठरावीक रुंदीचा सपाट पट्टा आणि मग एकसारखा उतार देते; हा एकसारखेपणाच मार्गाला कृत्रिम करतो. हे साधन पहिल्या फेरीपुरते वापरावे आणि नंतर माती व खडक पाहून हाताने आकार द्यावा.

मातीतील भराव व कटिंग यांचा उतार साधारणपणे दीड किंवा दोनास एक असतो, म्हणजे एक मीटर उंचीसाठी दीड ते दोन मीटर आडवे अंतर लागते. एकेरी मार्गाची बैठक ६ मीटर धरली आणि दीडास एक उतार घेतला तर १० मीटर खोल कटिंग माथ्यावर ३६ मीटर रुंद होते. पक्क्या खडकात कडे जवळजवळ उभे ठेवता येतात, म्हणून त्याच खोलीची कटिंग तेथे अरुंद राहते. चिकणमातीत उतार याहूनही सौम्य लागतो, आणि ज्यांनी तो दिला नाही त्यांना निसर्गाने धडा शिकवला: डिसेंबर १८४१ मध्ये सॉनिंगच्या कटिंगमध्ये पावसाने दरड कोसळली आणि तिच्यावर गाडी आदळून प्राणहानी झाली. भूशास्त्रीय नकाशा जवळ ठेवून, खडक जेथे बदलतो तेथे उतारही बदलावा. एकाच कटिंगमध्ये खाली खडक आणि वर माती असेल तर खालचा भाग उभा आणि वरचा पसरट करावा. एवढ्या एका तपशिलाने दृश्यात विलक्षण खरेपणा येतो.

डोंगराच्या अंगावरून जाणाऱ्या मार्गासाठी कटिंग आणि भराव एकाच छेदात येतात: वरच्या बाजूची माती खोदून ती खालच्या बाजूला टाकलेली असते. तेथे दोन्ही बाजूंना सारखे आकार देऊ नयेत. वरचा काप नैसर्गिक उताराला जेथे भेटतो ती रेषा जमिनीबरोबर वरखाली होते, सोंडेवर उंच चढते आणि घळीजवळ पार नाहीशी होते. उतार फार तीव्र असेल तर भराव पायथ्यापर्यंत टेकतच नाही, म्हणून तेथे संरक्षक भिंत बांधलेली असते आणि सिम्युलेटरमध्येही ती वेगळी वस्तू म्हणून ठेवावी.

जाळ्याची मर्यादा येथे आड येते. ८ मीटरच्या जाळ्यात २ मीटर खोल कटिंग नीट उमटत नाही, कारण तिची माथ्यावरची रुंदी १२ मीटरच्या आसपास म्हणजे दीड चौकटीएवढीच असते, आणि तिरक्या जाणाऱ्या रुळांजवळ जमिनीला करवतीसारखे दाते पडतात. अशा जागी जमीन थोडी अधिक रुंद खोदून कटिंगची बाजू त्रिमितीय वस्तूने झाकावी. बोगद्याच्या तोंडाशीही हेच करावे.

माती कुठून आली आणि कुठे गेली, याचाही विचार करावा. जुने अभियंते शक्य तेथे कटिंगची माती शेजारच्या भरावात वापरत. उरलेली माती कटिंगच्या माथ्यावर लांबट ढिगांत टाकली जाई, आणि कमी पडली तर भरावाच्या कडेला उथळ खड्डे खणून घेतली जाई. त्या खड्ड्यांत पुढे पाणी साठून तळी होत. लांब बोगद्यांच्या वर हवेसाठी किंवा कामासाठी खणलेल्या विहिरींभोवती दगडमातीचे ढीग उरतात; सेटल–कार्लाइल मार्गावरील ब्ली मूर बोगद्यावर ते आजही दिसतात. दलदलीतून जाणाऱ्या मार्गाचे शास्त्र निराळे आहे. १८३० मध्ये सुरू झालेल्या लिव्हरपूल–मँचेस्टर मार्गाला चॅट मॉसच्या दलदलीवर झुडपे व फांद्यांच्या थरांवर तरंगते ठेवण्यात आले, म्हणून तेथे उंच भराव दाखवणे चूक ठरेल.

पाणी, दूरचे डोंगर आणि तपासणी

प्रत्येक ओढा उगमापासून सतत उतरत गेला पाहिजे. रेल्वेपूर्व जमिनीत हे तपासून घ्यावे, आणि नंतर जेथे भराव ओढ्याला अडवतो तेथे मोरी किंवा पूल हवाच. डोंगराकडून येणारे पाणी कटिंगमध्ये कोसळू नये म्हणून माथ्यावर चर खणलेला असतो, तो दाखवावा. सिम्युलेटरमधील पाणी बहुधा मोठ्या सपाट पृष्ठभागाच्या रूपात येत असल्याने तीव्र उताराच्या नद्यांसाठी उताराबरोबर वाकणारी पट्टी वापरावी.

दूरच्या डोंगरांना ९० मीटरचे जाळेही पुरते. फक्त क्षितिजाची रेषा जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहावी. छायाचित्र ज्या जागेवरून घेतले तेथे संपादकाचा कॅमेरा ठेवला की शिखरांचा क्रम आणि खिंडींची खोली पटकन कळते.

मग संपूर्ण मार्गावर दोन्ही दिशांनी, चालकाच्या डोळ्यांच्या उंचीवरून, त्या काळच्या वेगाने गाडी न्यावी. हवेतून पाहताना सुबक वाटणारे उतार खालून अनेकदा फार गुळगुळीत दिसतात, तर जाळ्याचे दाते वरून दिसतच नाहीत. एखादे वळण अकारण वाटले तर जमीन हलवण्यापूर्वी जुना नकाशा पुन्हा उघडावा, कारण तेथे बहुतेक वेळा हरवलेली सोंड, ओढा किंवा एखादी वस्ती असते. वाफेच्या इंजिनांच्या काळात ठिणग्यांनी आग लागू नये म्हणून रुळांलगतचे उतार अनेक ठिकाणी मोकळे ठेवले जात; त्यामुळे आज झाडीत बुडालेले भराव त्या काळात उघड्या गवताचे होते आणि त्यांचा आकार लपलेला नव्हता, हेही या फेरीत लक्षात घ्यावे. पोत रंगवणे आणि झाडे लावणे ही कामे या तपासणीनंतरच हाती घ्यावीत, कारण त्यानंतर जमीन वरखाली केली तर त्यावरील वस्तू हवेत तरंगतात किंवा मातीत गाडल्या जातात, आणि त्यांतील प्रत्येक वस्तू पुन्हा शोधून बसवावी लागते.